हो देणारा डबा

बंगळूर
१२ जानेवारी

दादा,

पत्र बघून हसशील. मी आणि पत्र! शाळेत मास्तरांनी आजारपणाचा अर्ज लिहायला सांगितला तेव्हा अर्ज नको म्हणून मी खरंच आजारी पडलो होतो. पण तू माझा नंबर ब्लॉक करून टाकलास. वयनी म्हणाली होती, पत्र पाठव, मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचीन, ह्यांना कान काय ब्लॉक करता येणार नायत. म्हणजे हे सगळी वाडी ऐकणार. ऐकू दे. आपले भगत नथूबाबा, त्यांना माझा नमस्कार.

दिवाळीत झालं ते झालं. तू म्हणालास, पाऊस आला की खाली सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या शेडीत जायचं, गुरांच्या शेजारी गुरांसारखं राहायचं, त्यापेक्षा दरड आली तर येऊ दे. त्यावर मी जे बोललो ते परत लिहीत नाय. आईनं ऐकलं तेवढं पुरे झालं. पण दादा, भेग काय एकट्या माझ्या बापाची नाय. आपल्या दोघांच्या बापाच्या वरकसात पडलीय, घरांच्या वर उतारावर नाचणी पेरायचो तिथं. तीत माझा अख्खा हात जातो हे मी बघितलंय आणि तूपण बघितलंयस.

तू विचारशील, आता कुठली नोकरी, आणि कधी सोडणार. भिवंडीचं गोडाऊन, मग चाकण, मग गोव्याचं हॉटेल, सगळं तुला पाठ आहे. ही नाय सोडली अजून. हर्षित सर म्हणून आहेत, मूळ कल्याणकडचे, म्हणून मराठीत ओरडतात. दोन खोल्यांची लॅब आहे. मी बोर्ड लावतो, वायरी जोडतो, चाचण्या चालवतो. पडद्यावर लाल आलं की सरांना हाक मारतो. चहापण मीच आणतो, ते लपवत नाय.

काम काय ते सांगतो, हसू नको. कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा आहे, सी. तिच्यात कामं एकामागोमाग होतात. एकटी बाई भाताच्या आवणीला उतरली तर एक मूठ लावते, मग दुसरी, मग तिसरी, तसं. सर एक साधन बनवतायत, त्याचं नाव साचा. सीत लिहिलेला प्रोग्रॅम साच्यात घातला की त्यातनं सर्किटचा नकाशा निघतो. तो नकाशा कोऱ्या चिपमधे भरायचा. मग तीच चिप ते काम करते, पण खाचरात बारा बाया रांगेनं उतरल्यासारखं, सगळ्या एकदम. आणि वीज खाते मुंगीएवढी. मोठ्या कंपन्यांकडं असली साधनं आहेत, पण कुलपात. आमचा साचा उघडा आहे. कुणीपण घ्यावा, आत बघावं, चुकलं तर दुरुस्त करावं, फुकट वापरावा. मी सरांना म्हणालो, असं कोण फुकट देतं? सर म्हणाले, तुझ्या वाडीत पाणवठ्यावर पावती फाडतात का?

म्हणून मी त्यांना भेगेचं सांगितलं. त्यांनी एक जुना बोर्ड काढून दिला. तो मी किन्हवलीला रघूकडं पाठवलाय. पंपाचे स्टार्टर दुरुस्त करतो तो रघू, आयटीआयला सी शिकलेला. तो प्रोग्रॅम लिहील, आमच्या साच्यातनं काढील आणि डबा बनवील. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या, मधे तार. भेग रुंदावली की तार ओढली जाणार, डब्यावरचा आकडा वाढणार. चाळीस मिलिमीटर झाले की भोंगा. चाळीसच्या आत असेल तर हिरवा दिवा.

रघू आला तर त्याला वर घेऊन जा. माझ्यासाठी नको नेऊस, त्याच्यासाठी ने. बिचारा चढण चढून येईल. चहा कोरा पितो.

जीवन


बंगळूर
९ मार्च

दादा,

वयनीचं कार्ड आलं. वर लिहिलंय, "हे सांगतात तसं लिहिते." आणि तू काय सांगितलंस? "डबा लागला. दिवा हिरवा. आकडा सतरा." टपालाच्या जुन्या तारेत असायचं तेवढंच. चालेल. मला तेवढ्यानं पण दोन दिवस जेवण गोड लागलं.

बाकीचं वयनीनं स्वतःच्या मनानं लिहिलंय, बारीक अक्षरात, कडेकडेनं. रघूनं तपासायचं बटण दाबलं, भोंगा वाजला आणि नथूबाबांच्या म्हशीनं दावं तोडलं, म्हणे. आई म्हणाली, "बाय बाय, हा तर मेलेल्याला उठवील!" मग नथूबाबांनीच डब्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, बायांनी हळद वाहिली. डोंगराचा राखणदार म्हणतात आता त्याला. तू भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलंस आणि दर शनिवारी बटण दाबून भोंगा वाजवतोस, वाडी कान टवकारून ऐकते. "हात लावू नये" ही पाटी मीच रघूला लावायला सांगितली होती, नायतर पोरं तारेला झोके घेतील. ती बरी दिसते का?

आणि ठरलं म्हणे, या पावसाळ्यात शेडीत जायचं नाय. डबा आहे. मी खूश झालो, खोटं कशाला लिहू. सरांना सांगितलं तर त्यांनी लॅबमधे सगळ्यांना जिलेबी आणली. आमच्या साच्यातनं निघालेल्या नकाशावर एक वाडी निवांत राहते, म्हणाले.

हा नकाशा सहज नाय निघाला बरं का. रघूचा प्रोग्रॅम त्या छोट्या चिपमधे बसतच नव्हता. साच्यात एक भाग आहे, त्याला आमी झाडू म्हणतो. प्रोग्रॅममधे जे उगाच आहे ते झाडून टाकतो. तेच तेच परत लिहिलेलं, कुणी न वापरलेलं. मी सरांच्या मागं लागलो, झाडू जरा जोरात मारू या, माझ्या घरचं काम आहे. पंधरवडा आमी दोघं तेच करत होतो. आता नकाशा बसतो आणि चिपमधे जागापण उरते. बाहेरदेशीचे लोक तो झाडू बघून सरांना शाबासकी लिहितात. शाबासकी सरांना, चहा माझ्याकडनं.

एक गोष्ट. वयनी लिहिते, स्वयंपाकघराचं दार लागत नाय, तू रंधा मारलास. लाकूड फुगलं असेल म्हणालास. मार्चात लाकूड फुगतं का रे? आकसतं ना? असो. सुतारकाम तुझं, मला त्यातलं काय कळतंय.

जीवन


बंगळूर
२४ एप्रिल

दादा,

हे पत्र लवकर लिहितोय कारण सध्या बसूनच असतो. काम खोलीवरनंच करतो. सर स्वतः चहा घेऊन येतात माझ्यासाठी, म्हणजे जगाचं सगळं उलटं चाललंय. कारण विशेष नाय. आईला सांग, जेवतो नीट.

कार्ड मिळालं. "दिवा हिरवा. आकडा सतरा." बरं वाटलं.

वयनीनं कडेला लिहिलंय की झऱ्याचं पाणी गढूळ येतंय, भर उन्हाळ्यात. आणि वरचा झरा कमी होऊन पार खाली, गोठ्याच्या मागं, नवीन पाणी फुटलंय. आई म्हणते देवानं पाणी दारात आणून दिलं. वयनी म्हणते दाराला परत रंधा मारावा लागला, आता दुसऱ्या बाजूनं. आणि फणस जरा कलल्यासारखा वाटतो, पण तो मला पहिल्यापासून कललेलाच आठवतो, का नाय? आपण चढायचो ती बाजू.

तू वरच नवीन गोठा बांधतोयस हेपण कळलं. पत्रे आणलेस, पाया खणलास. इतका भरवसा तू माझ्यावर कधी ठेवला नव्हतास, त्या डब्यावर ठेवलास. त्याचा मला हेवा वाटला, हसू नको.

सहज एक विचारतो. सकाळी उन्हं यायच्या आधी आकडा किती असतो आणि दुपारी तार तापल्यावर किती, ते दोन्ही बघून कळव. उन्हानं तार ढिली पडते, थंडीनं ताणते. एखाद्या आकड्यानं इकडंतिकडं होत असेल. तेवढं फक्त बघून ठेव. काळजीचं काय नाय. सरांना हवंय, नोंदीसाठी.

सरांना हवंय हे खरं नाय. मला हवंय. वयनी, हे वाक्य वाचलं नायस तरी चालेल.

जीवन


बंगळूर
३० मे

दादा,

तुझं उत्तर: "सकाळी सतरा. दुपारी सतरा. संध्याकाळी सतरा." आणि खाली, "नथूबाबा म्हणतात, देव काय माणसासारखा घडीघडीला बदलत नाय."

मी ते कार्ड सरांना दाखवलं. सर हसत होते, मग हसायचे थांबले. म्हणाले, "लागल्यापासून सतराच?" मी म्हणालो हो. "असं होत नाय. तापलेली तार आणि गार तार एक आकडा देत नाय. रघूचा प्रोग्रॅम मागव."

रघूनं पाठवला. सरांनी वाचला आणि डोक्याला हात लावला. काय झालंय ते मला जसं कळलं तसं सांगतो.

प्रोग्रॅम म्हणतो, तारेचा आकडा बघ, दाखव. परत बघ, दाखव. परत बघ. हे सारखं चालू. आता आमचा झाडू काय करतो, तो विचार करतो की हा आकडा या प्रोग्रॅममधे तर कुणीच बदलत नाय. मग परत परत कशाला बघायचा? एकदा बघितला की झालं. बाकीचं बघणं उगाच आहे. झाडून टाकलं. त्या बिचाऱ्याला माहीतच नाय की आकडा बदलणारा बाहेर बसलाय. डोंगर.

सीमधे त्यासाठी एक शब्द असतो, व्होलाटाइल. म्हणजे, हे बाहेरनं बदलतं, दरवेळी नव्यानं बघ. रघूनं तो शब्द लिहिला नाय. कुठल्यातरी पाण्याच्या टाकीच्या प्रोग्रॅमवरनं उतरवला होता त्यानं, तिथं नसतानाही चालला होता. सर म्हणतात, नियमानं साचा बरोबर आहे, प्रोग्रॅम चुकला. मी म्हणालो, सर, नियमानं बरोबर आहे तर माझी आई कुठं झोपू? ते म्हणाले, फोन लाव घरी. त्यांच्या फोनवरनं लावला, तर माझा आवाज ऐकताच तू तो नंबरपण ब्लॉक केलास, आणि घरात दुसरा फोन नाय हे त्यांना काय माहीत.

तर दादा, सतरा हा आजचा आकडा नाय. डबा लावला त्या दुपारचा आहे. त्यानंतर डब्यानं एकदाही तारेकडं बघितलेलं नाय.

शनिवारी भोंगा वाजतो ते खरं. ते बटण सरळ भोंग्याला जोडलंय. तू दर शनिवारी त्याचा गळा तपासतोस. गळा चांगला आहे. डोळा मेलाय.

माझं ऐक. वर जा, काटे बाजूला कर, पाटीकडं बघू नको आणि तार हातानं ओढ. चांगली वीतभर ओढ. आकडा हलला तर मी वेडा, मला पाहिजे तेवढ्या शिव्या घाल. नाय हलला तर त्याच दिवशी आईला घेऊन खाली उतर. सापगावला जा, वयनीच्या माहेरी. शेडीत नको असेल तर शेडीत नको.

मी रघूला पण सांगितलं, तू वर जा, डबा बदल. तो म्हणतो, "चालू डब्याला हात लावीत नाय मी. बिघडला तर वाडी माझ्या नावानं बोंब मारील." तालुक्याला फोन केला. एका बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं, माणूस पाठवते म्हणाल्या. पण तो माणूस येईल तेव्हा त्याला डब्यावर हिरवा दिवाच दिसणार ना.

हे पत्र पोचायला आठवडा जाईल. मी तो आठवडा मोजणार नाय, पण तो जाणार आहे.

जीवन


बंगळूर
२० जून

दादा,

वयनीचं मोठं पत्र आलं. तिनं सगळं लिहिलंय, त्यामुळे तिच्यावर डोळे वटारू नको. 

तर माझं पत्र तिनं ओट्यावर वाचलं, तुमी सगळे ऐकत होता. तू म्हणालास, "पाटी कुणी लावायला सांगितली? ह्यानंच. आता म्हणतो हात लाव." सगळे हसले. नथूबाबा म्हणाले, "डबा नव्हता तवा हा म्हणं खाली चला. आता डबा हाय, तरी म्हणं खाली चला. ह्या पोराला डोंगराचं नाय, खालच्या सडकेचं याड हाय." परत हसले. हे हसणं मी इथं बसून ऐकलं.

मग वयनी कुंकू वाहायला म्हणून एकटी वर गेली. तार ओढली. तिनं लिहिलंय, "पार मुठीत आली भावजी, मी मागं पडले, हात कापला. आकडा सतराच." तिनं खाली येऊन सांगितलं. आणि तुमी काय म्हणालात? बाईमाणसानं तार ओढली म्हणून देव रुसला. रुसला म्हणून बोलत नाय! तू तिच्याशी बोलत नायस. वर जाऊन तार जुन्याच खुणेवर परत अडकवलीस, नारळ ठेवलास आणि माफी मागितलीस. माफी. त्या डब्याची, जो गोव्याच्या हॉटेलातल्या माझ्या ट्रेएवढा आहे.

मी रागानं लिहीत नाय. रागानं बोलून बघितलं दिवाळीत, त्याचं काय झालं ते दिसतंय.

मी स्वतः आलो असतो. आता सांगतो, आईला हळू सांग. एप्रिलात मोटारसायकलवरनं पडलो, उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. आत स्टीलची पट्टी घातलीय, अजून टेकवता येत नाय. तू म्हणायचास ना, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. बसलो बघ एका जागी, आणि नेमका आत्ता.

दादा, तुला वरकसातली पाखरं आठवतात? नाचणी भरायला लागली की आपल्याला राखणीला बसवायचे. मी वरच्या माळ्यावर, चार खांबांच्या मचाणावर, तू खालच्या. दिवसभर तू हाळी घालायचास, "जीवन्याऽऽ!" आणि मी म्हणायचो, "होऽऽ!" एका दुपारी तू हाळी घातलीस, मी हो म्हणालो. परत घातलीस, हो म्हणालो. तुला काय वाटलं कोण जाणे, तू ओरडलास, "पाखरं किती रे?" मी म्हणालो, "होऽऽ!" झोपेत होतो मी. डोळे मिटलेले आणि तोंड हो देत होतं. तू वर आलास, माळा गदागदा हलवलास, मी डोळे उघडले तर सगळं वरकस पोपटांनी हिरवंगार झालेलं. तू मला मारलं नायस त्या दिवशी. म्हणालास, "हो देणारा राखणदार नसलेला बरा. नसला तर मी तरी बघितलं असतं."

हे तुझं वाक्य आहे. माझं नाय.

डबा तसाच आहे. पण एक गोष्ट मला सरांनी काल सांगितली, ती मी नथूबाबांसाठी लिहितो. नथूबाबा, तुमी ऐकताय ना? डबा एकदाच बघतो, तो जागा होतो तेव्हा. मग झोपेत हो देत राहतो. पण बंद करून परत चालू केला तर तो परत एकदा, एकदाच, डोळे उघडून खरं बघतो. तुमी नवरात्रात घट बसवता, मग उठवता, पुढच्या साली परत बसवता. बसवलेला देव कायमचा बसवून कुणी ठेवत नाय. तुमचं म्हणणं मी मानतो, रुसलाय. मग रुसलेल्याला उठवा आणि परत बसवा. तुमच्या हातानं. डब्याच्या खाली डाव्या अंगाला चालू-बंद करायची काळी खुटी आहे, ती मागं ओढायची, दिवा विझू द्यायचा, जप करायचा तेवढा करा, आणि खुटी पुढं. कुणी तार ओढू नका, कुणाची चूक काढू नका. फक्त उठवा.

आकडा चाळीसच्या आत आला तरी उतराच. पण ते तुमी मानणार नाय. निदान उठवा.

दादा, वयनीशी बोल. हाताला हळद लाव तिच्या, देवाला पुष्कळ लावून झाली.

जीवन


बंगळूर
१२ जुलै

दादा,

कार्ड मिळालं. पहिल्यांदा तुझ्या स्वतःच्या अक्षरात. एकच शब्द.

"त्रेसष्ट."

मी तो वाचला आणि कार्ड उलटं केलं. शिक्का शहापूरचा. आपल्या मुरबाडचा नाय, शहापूरचा. म्हणजे सापगाव. म्हणजे उतरलात. मी तिथंच कुबडी टाकून खाली बसलो, मग मला उठवायला दोन माणसं लागली.

मग चार जणांना विचारून वयनीच्या भावाचा नंबर काढला आणि फोन केला. तू बाहेर गेला होतास म्हणाली ती, पण मागं तुझा खोकला ऐकू येत होता. असू दे. तिनं सांगितलं. नथूबाबांनी अंघोळ करून, नवं धोतर नेसून खुटी मागं ओढली. दिवा विझला तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावले. खुटी पुढं केली. आधी नुसतं काळं, मग त्रेसष्ट, मग हिरवा न लागता सरळ लाल, आणि भोंगा. बटण कुणी दाबलं नव्हतं. वयनी म्हणते, तू हलला नायस, नुसता आकड्याकडं बघत राहिलास. भोंगा वाजत होता आणि सगळे तुझ्याकडं बघत होते. मग नथूबाबाच म्हणाले, "किशोऱ्या, बोलला रे तो. चल." आणि पहिले तेच निघाले, डब्याला पाठ करून.

आईला तू पाठुंगळी आणलंस. ती वाटभर म्हणत होती, "माझं जातं राहिलं, माझं जातं राहिलं." राहू दे म्हणावं.

डोंगर अजून जागेवर आहे असं वयनी म्हणाली. पत्र लिहितोय तोवर तरी आहे. तिनं हेपण सांगितलं की तू परवा वर जाऊन आलास, गोठ्याचे पत्रे काढायला. दादा, पत्रे राहू दे. भोंगा आता वाजला काय नि थांबला काय, त्याला अर्थ नाय. तो एकदा उठला, त्रेसष्ट म्हणाला, आणि परत झोपला. आता तो भेग मोठी झाली तरी त्रेसष्टच म्हणणार. त्याच्या भरवशावर वर जाऊ नको. कुणालाच जाऊ देऊ नको.

पण मी हे लिहायला बसलो ते वेगळ्यासाठी.

सरांनी साच्यात आता सूचना घातलीय. बघणं झाडून टाकायच्या आधी तो विचारतो, हे बाहेरनं बदलतं का? ते पुढच्यांसाठी झालं. मागच्यांचं काय? साचा उघडा आहे. कुणी नेला, कुठं नेला, कशाला लावला, आमच्याकडं त्याचा पत्ता नाय. सर आधी अभिमानानं सांगायचे किती जणांनी नेला ते. आता त्या आकड्याकडं बघत नायत. पाणवठ्याचं बोलले होते ना ते मला, ते मी त्यांना आठवण करून दिलं नाय.

आणि रघू. काल त्याला फोन केला, आपल्याकडचं सगळं सांगितलं.  मी म्हणालो, रघू, तू आणखी डबे केलेस का? म्हणाला, केले. तोच नकाशा, तोच प्रोग्रॅम. एक सिद्धगडाच्या पलीकडच्या अंगाला, एक बंधाऱ्याच्या भिंतीवर, आणि आणखी कुठं ते त्याला नीट सांगता येईना, माणसं येऊन घेऊन गेली म्हणतो. मी म्हणालो, अरे, मग त्यांना कळव! तर म्हणाला, "चालतायत रे सगळे. कुणाची तक्रार नाय."

दादा, मला त्या वाक्यानं जेवण जात नाय.

मला चालता येत नाय. रघू जाणार नाय. सर गेले तर त्यांना वाटेवरचा पहिला कुत्रापण वर सोडणार नाय. तू जा. सिद्धगडाच्या पलीकडची माणसं तुला ओळखतात, तुझं सुतारकाम आहे त्यांच्या घरात. डबा खोटा आहे असं सांगू नको, ते हसतील, आपली वाडी हसली तसं. नथूबाबांना बरोबर ने, नव्या धोतरात. उठवून परत बसवायचंय एवढंच सांगा. काळी खुटी, डाव्या अंगाला. मागं, मग पुढं. आणि आधी विचारा, दार लागतं का, झरा गढूळ आहे का; डोंगर सरकला की ते आधी दिसतं.

त्यांच्या वेशीवर पोचलास की लांबनं हाळी घाल. कुणी म्हणेल, हो, सगळं ठीक हाय, दिवा हिरवा हाय. तिथनं मागं फिरू नको.

पाखरं किती, ते विचार.

जीवन